पेरेनलेने काढलेलं माझं तोंड

माझं तोंड वाकडं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी नजर चोरायला नको. उजवा डोळा पुरता मिटत नाही, उजवीकडचा ओठ खाली ओघळलेला असतो आणि चहा पिताना मांडीवर फडकं ठेवावं लागतं. पण ही गोष्ट माझ्या तोंडाची नाही, पेरेनलेची आहे. उलानबातरच्या उत्तरेला आमची टेकडी आहे, तिथे तो राहतो, दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि उभ्या जन्मात त्याला कुणी फारसं विचारलेलं नाही. मीही नाही. बारा वर्षं तर मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही, आणि त्यात चूक माझीच होती. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला केवढा वेळ लागला ते माझं मला माहीत.

मी दोल्गोर. टेकडीवरच्या पाणीघरात बसते. विटांची एक खोली, आत चूल, तोटी आणि वीतभर खिडकी, बाहेर नळी. लोक ढकलगाडीवर डबे घालून येतात, नळीखाली लावतात, मी आतून तोटी फिरवते. एकवीस वर्षं हेच करतेय. टेकडीवरच्या निम्म्या लोकांनी माझे पाय कधी पाहिलेले नाहीत. त्यांच्या लेखी मी म्हणजे खिडकीतलं एक तोंड, आणि तेही बहुतेक वेळा उघडं.

"ए, झाकण कुठाय? घरी पोचेपर्यंत बर्फ होईल त्याचा!"

"कालचाच फुटका डबा परत आणलास? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ओत ते पाणी, म्हणजे नवा घेऊन देईल!"

असं माझं दिवसभर चालायचं. राग नाकावर, मान्य. पण उणे तीसमध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी ओरडलं की त्याच्या अंगात जरा ऊब येते, असं माझं मत आहे.

पेरेनले माझ्याहून तीन वर्षांनी लहान. उंच, पाठीत किंचित वाकलेला, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं आपणच बहिरे झालोत. चित्रकलेच्या शाळेत शिकला होता, मग एका नाटकमंडळीकडे अकरा वर्षं मागचे पडदे रंगवले. नव्या साहेबाला छापील पडदे हवे होते, तेव्हा याला घरी बसवलं. बायको कोरियाला कामाला गेली ती तिकडचीच झाली. त्याबद्दल त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. तो आपला कुत्रा, ब्रश आणि रंगाचे डबे घेऊन आमच्या टेकडीवर आला, एक जुनं गेर, म्हणजे लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभारलं, शेजारी पत्र्याची शेड बांधली आणि पाट्या रंगवायला लागला.

पाट्या तरी कशा! मटणवाल्या दाम्बाला त्याने मेंढी काढून दिली ती हिरवीगार. दाम्बा भर रस्त्यात नाचायला लागला. "हिरवी? लोकांना वाटेल माझं मटण सडलंय!"

पेरेनले शांतपणे म्हणाला, "वसंतातली आहे. आत्ताच गवत खाल्लंय तिने."

दाम्बाने महिनाभर शिव्या दिल्या, पण पाटी काही काढली नाही. आता टॅक्सीवाल्यालाही आम्ही तोच पत्ता सांगतो, हिरव्या मेंढीपासून वर, दुसऱ्या गल्लीत. केस कापायच्या दुकानावर त्याने जी बाई काढली तिचे केस वाऱ्याने असे उडालेत की तिला तातडीने आत जायलाच हवं. पाट्या सोडून तो माणसांचे चेहरेही काढतो असं ऐकून होते, पण ते कुणी विकत घेत नव्हतं. कोण घेणार? नाक एकीकडे, गाल जांभळे.

आता आमच्या भांडणाचं सांगते. भांडण म्हणायलाही लाज वाटते, इतकं ते छोटं होतं.

मागच्या घोड्याच्या वर्षी, ते दर बारा वर्षांनी फिरून येतं, पांढऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी पाणीघर उघडलं. नववर्षाचे दोन दिवस बंद, त्यात घरोघरी पाहुणे, त्यामुळे रांग पार खालच्या वळणापर्यंत गेलेली. सगळे नव्या कपड्यांत. मीही नवे बूट घातले होते, वर शिवलेली वेलबुट्टी असलेले, माझ्या आईने मरायच्या आदल्या वर्षी पाठवलेले. नळीच्या तोंडाशी बर्फ धरला म्हणून मी कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. पेरेनलेचा नंबर होता. सांडलेल्या पाण्यावर त्याचा पाय घसरला आणि सगळं वजन घेऊन तो माझ्या डाव्या पायावर उभा राहिला. अंगठ्याचं नखच गेलं.

आमच्यात पायावर पाय पडला की लगेच हात पुढे करायचा. बसमध्ये, बाजारात, अनोळखी माणसाशीसुद्धा. हातात हात दिला की संपलं, मनात काही उरत नाही. दोन वर्षांचं पोरही हे न शिकवता करतं. पेरेनलेनेही हातमोजा काढून हात पुढे केला. तो हात मनगटापर्यंत निळा होता. नववर्षाच्या तिसऱ्याच दिवशी हा बाबा रंगात हात घालून बसला होता!

माझं नख ठणकत होतं, आईच्या बुटाची शिवण उसवली होती. मी म्हणाले, "आधी हात धुऊन ये. मग माफी माग."

वीस-पंचवीस माणसं हसली. हात हवेत तसाच. मग त्याने तो खाली घेतला, डबे तिथेच सोडले आणि निघून गेला.

तो परत आला होता. रॉकेलने आणि गार पाण्याने घासून घासून हात लाल करून आला होता, हे मला नंतर दाम्बाच्या बायकोने सांगितलं. पण तोपर्यंत मी खिडकी लावून आत पाय शेकत बसले होते. खिडकी वाजली, तेव्हा मी ओरडले, "जेवायची वेळ आहे, दोन वाजता या!" दोन वाजता त्याने डबे भरले. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने हात पुढे केला नाही. झालं. मला वाटलं, त्याने परत विचारायला हवं. त्याला वाटलं असणार, आता तिने बोलवायला हवं. बारा वर्षं तो दर दिवसाआड दोन डबे घेऊन आला. तो म्हणायचा "दोन", मी म्हणायची "हं". एवढाच आमचा संसार!

एक मात्र सांगायला हवं. त्या वर्षापासून थंडीत रोज सकाळी मी कामावर यायच्या आत पाणीघरापुढच्या उतारावर चुलीची राख पसरलेली असायची. चाळलेली, बारीक, अगदी खिडकीपासून वळणापर्यंत. मग बर्फावर कुणाचा पाय घसरायचा नाही. मला वाटायचं हे वॉर्डाच्या ऑफिसातून होतं. कुणी आपलं काम नीट केलं की मी ते विसरत नाही. दरवर्षी वसंतात मी घरचा आरूल पिशवीभर घेऊन त्या ऑफिसात जायची आणि टेबलामागच्या माणसाला म्हणायची, "राखेबद्दल." तो माणूस दरवर्षी तो सुका दह्याचा खाऊ दोन्ही हातांनी घ्यायचा आणि म्हणायचा, "आमचं कर्तव्यच आहे, ताई." चावून चावून खाल्ला मेल्याने, बारा वर्षं!

मग यंदा परत घोड्याचं वर्ष आलं. पांढऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मी चहाचा घोट घेतला आणि तो हनुवटीवरून थेट छातीवर आला. माझी लेक उयांगा हसली, "आई, झोपेत आहेस का अजून?" मी तिच्याकडे वळले, आणि तिचं हसू गेलं.

डॉक्टरणीने सांगितलं, नस सुजलीय. काहींचं तोंड महिन्यात जागेवर येतं, काहींचं थोडं तसंच राहतं. शेजारणी म्हणाल्या, वारा लागला. सुया टोचून घेतल्या, शेक घेतला, उजवा गाल तसाच मेलेला. मी आरशावर टॉवेल टाकला. डोळ्यांपर्यंत रुमाल गुंडाळून पहाटे कामावर जायला लागले आणि खिडकीला आतून जाड गोधडीचा पडदा शिवला, खाली फक्त हात जाईल एवढी फट. लोक डबा लावायचे, मी तोटी फिरवायची. ओरडणं बंद, कारण ओरडताना शब्द ओठाच्या कोपऱ्यातून गळून जायचे. टेकडीवर अशी शांतता की दाम्बाच्या बायकोने फटीतून विचारलं, "दोल्गोरताई, आहेस ना गं आत? का दुसरं कुणी बसवलंय?"

आणि यातच उयांगाचं लग्न.

तारीख लामाने आधीच काढून दिलेली, एप्रिलच्या मध्यावरची. मुलगा चांगला, बिल्गून नाव, क्रेन चालवतो, माझ्या शिव्यांना हसतो. उयांगाचे वडील ती चार वर्षांची असताना गेले. तिला मीच आहे, मला तीच. मुलगी निघताना आई तिला वाडग्यातून दूध पाजते आणि सगळ्यांसमोर तिच्या एका गालाचा मुका घेते. एकाच. दुसरा गाल राखून ठेवायचा, ती परत भेटायला येईल तेव्हासाठी. माझ्या आईने माझा घेतला होता, अजून आठवतो.

मी उयांगाला म्हणाले, "दूध तुझी मावशी देईल. मुकाही तीच घेईल. मी आत बसेन."

"का?"

"का म्हणजे? त्यांच्याकडची पन्नास माणसं येणार. फोटोवाला येणार. ओठ मिटत नाही माझा. तुझ्या गालाला लाळ लागेल."

"मावशीने जन्म दिलाय मला?"

"उगाच शब्द वाढवू नकोस."

"वाढवणार!" ती माझीच मुलगी, गप्प कशी बसेल? "तू एक गाल घेतलाच नाहीस, तर मी परत कुठल्या गालासाठी येऊ? सांग ना. मावशीकडे जाऊ?"

ती रडली, मी नाही. माझ्या उजव्या डोळ्यातून तसंही सारखं पाणी गळायचं, त्यामुळे मी रडत नव्हते असंच मी धरून चालले. पण ठरवलं ते ठरवलं. तो मुका मी घेणार नव्हते.

जावयाच्या माणसांनी नव्या गेरचं लाकडी दार रंगवायला पेरेनलेकडे दिलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी उयांगा ते बघायला त्याच्या शेडमध्ये गेली, आणि परत आली ती काखेत ब्लँकेटात गुंडाळलेली फळी घेऊन. धापा टाकत होती.

"आई, हे बघ. त्यांच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते आत चहा टाकत होते, मी न विचारताच घेऊन आले."

"चोरी करून आलीस? लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"बघ तर!"

मी पाहिलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चित्रात मी होते. खिडकीची चौकट आणि तिच्यात ठासून भरलेलं माझं तोंड. तोंडाचा डावा भाग लालभडक, रंग जाड थापलेला, भुवई वर चढलेली, ओठ एका बाजूला ओढून उघडा, जणू कुणावर तरी तोंडसुख घेतेय. आणि उजवा भाग निळा, गार, खाली उतरलेला. उजवी पापणी अर्धी मिटलेली, ओठाचा कोपरा ओघळलेला. दोन बायकांचे अर्धे-अर्धे चेहरे कापून जोडावेत तसं. फळी उलटी केली. मागे लिहिलं होतं, "दोल्गोर. पाण्याची खिडकी. घोड्याचं वर्ष, पांढरा महिना."

म्हणजे आत्ताच! नुकताच तर पांढरा महिना गेला. मी पडद्याआड तोंड लपवून बसले होते, आणि याने फटीतून डोकावून माझ्या फजितीचं चित्र काढलं! बारा वर्षांपूर्वी चारचौघांत याचं हसं केलं त्याचा सूड काय?

"आई, ऐकून तरी घे," उयांगा म्हणत होती. मी फळी काखेत मारली आणि निघाले. टेकडीवरून खाली, हिरव्या मेंढीपुढून, केसांच्या दुकानापुढून, रांगेतल्या डबेवाल्यांच्या मधून. दाम्बा दारात उभा होता. तो म्हणाला, "बरं वाटतंय का ताई?" आणि मी त्याला म्हणाले, "बाजूला हो!" पेरेनलेच्या फाटकाशी पोचले तेव्हा गालाला वारा लागला आणि तेव्हा कुठे कळलं की रुमाल घरीच राहिलाय. दीड महिना जे तोंड मी आरशालाही दाखवलं नव्हतं, ते अख्ख्या टेकडीला दाखवून आले होते. परत कुठे जाणार? आत घुसले.

तो उयांगाच्या दारावर शेवटची नक्षी काढत होता. कुत्रा भुंकला, त्याने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, सरळ, तोंडाकडे. दुसऱ्या कुणीही इतके दिवस असं पाहिलं नव्हतं. सगळे कपाळाकडे नाहीतर खांद्याकडे बघायचे.

"थट्टा करतोस माझी?" मी ओरडले. निम्मे शब्द गळाले, पण आवाज बाकी पूर्वीचाच आला. "आजारी बाईची? बारा वर्षं मनात धरून बसला होतास, ती ही मजा करायला?"

त्याने ब्रश बाजूला धरला. फळीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "ताई, हे आत्ताचं नाही."

"मला वाचता येतं! घोड्याचं वर्ष लिहिलंयस."

"मागचा घोडा."

"खोटं."

"दात बघा."

मी फळी प्रकाशाला धरली. लाल बाजूच्या उघड्या ओठात, वरच्या ओळीत, एक पिवळा ठिपका. जाड, चकचकीत. मी बोट लावलं. अगं बाई. माझा सोन्याचा दात! तो तर नऊ वर्षांपूर्वी मेंढीची नळी फोडताना तुटला होता. दाम्बाच्या दुकानातली नळी, त्यावरून मी त्याच्याशीही भांडले होते. तो दात आता उयांगाच्या कानात आहे, आटवून डूल केलेत त्याचे. आणि खिडकीची चौकटही जुनी होती, हिरव्या रंगाची, पाणीघर विटांचं व्हायच्या आधीची.

मी रंगाच्या डब्यावर बसले. म्हणजे हे तोंड माझा गाल मरायच्या बारा वर्षं आधी काढलं होतं.

"मग हे असं का काढलंस?" मी विचारलं. "तेव्हा तर मी धडधाकट होते."

पेरेनलेने ब्रश चिंधीला पुसला. मला वाटलं, झालं, आता परत बारा वर्षं बोलणार नाही. मग त्याने ब्रशच्या मागच्या टोकाने लाल बाजू दाखवली. "या बाजूने तुम्ही ओरडता." मग निळी बाजू. "ओरडताना या बाजूने खाली बघत असता. कुणाचा डबा गळतोय, कुणाच्या बुटाला भोक आहे. मग त्याचा डबा आधी भरता. वर्षानुवर्षं बघतोय मी." मग तो म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्या कधीच नव्हत्या, ताई. तेच तर काढायचं होतं."

एकवीस वर्षं त्या खिडकीत बसून मला वाटत होतं की लोकांना माझा आवाज तेवढा ऐकू जातो. कुणी खालची नजर पाहिली असेल, ती लक्षात ठेवली असेल, आणि तीही ज्याच्याकडे मी मान वर करून पाहिलं नाही त्या माणसाने, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी रडले. दोन्ही डोळ्यांनी. याला वारा लागला वगैरे म्हणायची सोय नव्हती.

त्याने चहा दिला. मी घोट घेतला, कोपऱ्यातून गळला. त्याने नजर फिरवली नाही की फडकंही पुढे केलं नाही, नुसता आपला चहा पीत राहिला. माणसाला किती मोठं देणं देता येतं, काहीही न करता!

फडकं शोधायला मी इकडेतिकडे पाहिलं तर चुलीमागे चार बादल्या दिसल्या. राखेने भरलेल्या. चाळलेली, बारीक राख, आणि शेजारी तारेची चाळणी.

"ही राख?"

तो एकदम खजील झाला. त्याचे कानच लाल झाले. "तिथे घसरतं ना," तो म्हणाला. "मीच घसरलो होतो."

बारा वर्षं. रोज पहाटे, उणे तीसमध्ये. हातात हात द्यायचा राहिला म्हणून हा माणूस रोज माझ्या पायाखाली राख पसरत होता, आणि मी ऑफिसातल्या त्या आयतोबाला आरूल खिलवत होते! मी हसायला लागले. वाकड्या तोंडाने हसलं की कसं दिसतं देव जाणे, पण पेरेनलेही हसला, आणि त्याचा कुत्रा आम्हा दोघांवर भुंकायला लागला.

मी उठले आणि हात पुढे केला. पांढऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी द्यायचा होता तो.

पेरेनलेने आपल्या हाताकडे पाहिलं. निळा, मनगटापर्यंत. दाराची नक्षी निळी होती ना. तो वळला, रॉकेलच्या डब्याकडे गेला, चिंधी उचलली.

"पेरेनले," मी म्हणाले, "धुऊ नकोस. तसाच दे."

त्याने दिला. घट्ट, गरम, चिकट हात. दोघांनीही जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग मी फळी उचलली, म्हणाले, "हे आता माझं. बदल्यात पुढच्या वसंतापासून आरूल तुला," आणि घरी आले. रुमालाशिवाय.

तेलरंग एका दिवसात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्गूनची माणसं मुलीला न्यायला आली तेव्हा माझा उजवा तळवा निळाच होता. फाटकापासून गाड्यांपर्यंत राख पसरलेली होती, एवढ्या पाहुण्यांत कुणीही घसरलं नाही. पेरेनले मागे, कुंपणापाशी, धुतलेल्या कोटात उभा होता. बिल्गूनच्या आईने माझा हात पाहिला. "दोल्गोरताई, हाताला हे काय?" मी म्हणाले, "जुना हिशेब होता, काल मिटला." ती म्हणाली, "निळा आहे, शुभच आहे की," आणि आकाशाकडे बघून हात जोडले.

उयांगा समोर आली. कानात माझा दात चमकत होता. मावशी वाडगा घेऊन पुढे झाली, आमचं तसं ठरलं होतं. मी तिच्या हातातून वाडगा काढून घेतला. निळा खादग, मानाचा रेशमी पट्टा, त्याखाली धरला, माझ्या निळ्या हातावर. आधी मी घोट घेतला, कारण रीत तशी आहे, आणि पन्नास माणसांसमोर, फोटोवाल्यासमोर, दूध माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून गळलं. कुणी खाली पाहिलं असेल, कुणी नसेल. माझं लक्ष नव्हतं. मग तिला पाजलं.

"एकच हं," ती कुजबुजली. "दुसरा ठेव."

मी तिच्या उजव्या गालाचा मुका घेतला. ओठ वाकडेच टेकले, नीट मिटलेही नाहीत, आणि दुधाचा ओघळ तिच्या गालावर उमटला. मी पुसायला खादग उचलला. तिने माझा हात धरून खाली केला, आणि तसाच ओला गाल घेऊन गाडीत जाऊन बसली.